सदतीस अंश

केयूर सबनीसला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. हा माणूस चहासुद्धा उभ्यानं पिणार, फोनवर बोलताना आवाराला चार फेऱ्या मारणार, आणि घरी जरा टेकला की पाच मिनिटांत उठून स्वयंपाकघरातला नळ नीट बंद आहे का ते बघून येणार. त्याची बायको नूपुर म्हणायची, याला ऑफिसात खुर्ची दिलीय ती डबा ठेवायला. चाकणच्या कारखान्यात आठ वर्षं काढून तो तीन वर्षांपूर्वी कोलकात्याला आला, औषधं वाहणाऱ्या एका कंपनीच्या ट्रकांची कार्यशाळा सांभाळायला. कार्यशाळा हावड्यात, शालिमारच्या बाजूला. घर बेहाल्यात, दुसऱ्या मजल्यावर. मध्ये गंगा आणि तिच्यावरचा विद्यासागर सेतू. सकाळी सेतूवरून तिकडे, संध्याकाळी सेतूवरून इकडे, असं त्याचं आयुष्य चाललं होतं.

त्या सप्टेंबरात नूपुरला सातवा लागला होता. याआधी दोनदा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं, आणि दुसऱ्या वेळी तर नूपुर महिनाभर कुणाशी धड बोललीही नव्हती. हे तिसरं टिकलं होतं. साताऱ्याहून तिची आई सुलभाताई येऊन राहिल्या होत्या, डॉक्टरीण चांगली मिळाली होती, आणि तरी केयूरच्या जिवाला घोर होताच. हे बाळ हातात यावं, बाकी काही नको, असं तो कुणाला सांगायचा नाही. पण रात्री नूपुरच्या कुशीला हात लावून आतली हालचाल कळेपर्यंत त्याला झोप यायची नाही.

सतरा सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा होती. बंगालात त्या दिवशी गाड्या, यंत्रं, हत्यारं सगळ्यांना सुट्टी. कार्यशाळेच्या दारात हत्तीवर बसलेला विश्वकर्मा आणला होता, त्याच्यापुढे धुऊनपुसून पाने, हातोड्या, जॅक ओळीनं मांडले होते, प्रत्येकाला शेंदराचा टिळा आणि झेंडूचं फूल. मागच्या अंगाला खिचडीचं पातेलं चढलं होतं, कर्ण्यावर गाणी चालू होती. आभाळभर पतंग. अशा वेळी सकाळी नऊला अनीश मंडल आपला दहाचाकी ट्रक घेऊन फाटकातून आत आला, आणि ट्रकच्या मागे रस्त्यावर पाण्याची बारीक ओळ उमटत आली.

अनीश चांगला ड्रायव्हर होता, उगाच तक्रार करणारा नव्हता. तो म्हणाला की खडगपूरपासून इंजिनाच्या उष्णतेचा काटा चढतोय, तीनदा थांबून पाणी घातलं. केयूरनं वाकून बघितलं. वॉटर पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून ठिबकायला लागतं. इथे ते ठिबकत नव्हतं, वाहत होतं. बेल्ट सैल झाला होता, रेडिएटरचा खालचा होज पाइप फुगून मऊ पडला होता. काम मोठं नव्हतं, चार तासांचं. नवा पंप, नवा बेल्ट, दोन्ही पाइप, आणि हात घालतोच आहोत तर थर्मोस्टॅटही नवा. सगळं सामान कोठीत होतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हाच ट्रक औषधं घेऊन सिलीगुडीला जायचा होता. केयूरनं मुख्य कार्यालयाला तसा शब्द दिला होता.

श्यामसुंदर मिस्त्री नवं धोतर नेसून विश्वकर्म्यापुढे बसला होता. वय अठ्ठावन्न. केयूर चालायला शिकला त्याच्या आधीपासून हा इंजिनं उघडत होता, आणि केयूरचा कुठलाही हुकूम त्यानं आजवर मोडला नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"आज नहीं, सार. कल सुबह चार बजे आके कर दूँगा. आज औजार ठाकुर के पास है."

केयूर म्हणाला की चारला सुरुवात केली तर माल आठपर्यंत निघणार नाही. श्यामसुंदर म्हणाला, आठला निघू दे. मग केयूरनं जे केलं ते त्याला त्या क्षणी अगदी बिनतोड वाटलं. तो म्हणाला की आमच्याकडे हत्यारांची पूजा आज नसते, ती खंडेनवमीला. त्या दिवशी मी पान्याला हात लावत नाही, पण आज माझ्या हातांना सुट्टी नाही. आणि तुमची हत्यारं मला नकोतच. माझी पेटी मी पुण्याहून आणलीय, तिला तुमच्या या ठाकुर देवानं अजून बघितलेलंही नाही.

दोघंतिघं हसले. श्यामसुंदर हसला नाही. तो उठून जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बात औजार का नहीं है, सार. बात इंजिन का है. आज ये लोग सोता है. सोया हुआ आदमी का मुँह में हाथ नहीं डालते." आणि मग, "आपके घर में तो बच्चा आने वाला है."

याचा त्याच्याशी काय संबंध, असं केयूरनं विचारलं. श्यामसुंदर परत जागेवर जाऊन बसला. केयूरला राग आला. हट्टाला पेटला की हा माणूस कुणाचं ऐकत नसे, हे नूपुरला विचारा. त्यानं बाह्या सरसावल्या आणि आपली पेटी उघडली.

काम सुरळीत झालं, जरा जास्तच सुरळीत. रेडिएटरचा खालचा नळ उघडून उरलंसुरलं पाणी ड्रमात काढलं. पंखा काढला, बेल्ट उतरवला. पंपाचे सहाही बोल्ट पहिल्याच झटक्याला सुटले. एरवी एखादा तरी गंजून रुसलेला असतो. जुना पंप हातात आला तेव्हा इंजिनाच्या आत काळोखात एक ओलसर पोकळी दिसली, आणि तिच्यातून तोंडावर उबदार हवा आली. इंजिन बंद होऊन दीड तास झाला होता, ऊब राहणारच, असं म्हणून त्यानं खरवडून जुनं गास्केट काढलं, नवं बसवलं, नवा पंप चढवला. बाहेर कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि पोरांचा एकच ओरडा झाला.

मग पाणी भरायला घेतलं. या ट्रकमध्ये बत्तीस लिटर मावतं, हे पुस्तकात छापलेलं आहे. हिरवं कूलंट आणि पाणी मिसळून त्यानं ओतायला सुरुवात केली. बत्तीस गेले तरी रेडिएटरच्या तोंडाशी पाणी दिसेना. हवा अडकली असेल म्हणून त्यानं पाइप दाबून बघितले. छत्तीस गेले. चाळीस गेले. त्यानं खाली पुठ्ठा सरकवला, तो कोरडा. ऑइलची पट्टी काढून बघितली, ऑइल स्वच्छ. पाणी कुठून तरी जात असतं तर ते दिसायला हवं, नाहीतर धुरात यायला हवं, आणि इथे दोन्हीचा पत्ता नव्हता. एक्केचाळीस लिटरला पाणी तोंडाशी आलं आणि थांबलं.

इंजिन सुरू केलं. छान लागलं. काटा हळूहळू चढला आणि सदतीसवर थांबला. थर्मोस्टॅट ब्याऐंशीला उघडतो, तोवर काटा चढायलाच हवा. अर्धा तास झाला, काटा तिथेच. केयूरनं सेन्सर बदलला. मग उष्णता मोजायचं पिस्तूल आणून सगळीकडे रोखलं. इंजिनाचं डोकं, सदतीस. पाइप, सदतीस. जिथे हात लावला तर कातडी सोलून निघावी त्या धुराच्या नळीवरही सदतीस. त्यानं पिस्तूल समोरच्या भिंतीवर रोखलं, तर एकतीस; म्हणजे ते बरोबर चालत होतं.

श्यामसुंदर केव्हा मागे येऊन उभा राहिला ते कळलं नाही. त्यानं रेडिएटरवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"बुखार तो नहीं है," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

एवढा आटापिटा करून उघडलेली गाडी दुसऱ्या दिवशी सिलीगुडीला गेलीच नाही. जे समजत नाही ते लांबच्या पल्ल्यावर पाठवायचं नाही, एवढी अक्कल केयूरकडे होती. त्यानं बाहेरून एक ट्रक भाड्यानं घेतला, मुख्य कार्यालयाची बोलणी खाल्ली, आणि हा ट्रक आवारात आंब्याच्या झाडाखाली उभा केला. सकाळी येऊन बघितलं तर पाणी चार लिटरनं खाली गेलं होतं. रात्रभर बंद असलेल्या इंजिनावर त्यानं पिस्तूल रोखलं आणि तोच आकडा बघून तो नेहमीसारखा फेऱ्या मारायला लागला.

त्याच दिवशी दुपारी नूपुरची सोनोग्राफी होती. डॉक्टर आभा सेनगुप्ता शांत बाई होत्या, भीती घालायच्या नाहीत. बाळ छान आहे म्हणाल्या. फक्त बाळाभोवतीचं पाणी मागच्या वेळी चौदा सेंटिमीटर होतं ते आता अकरा दिसतंय, काळजीचं नाही, पाणी भरपूर प्या, आठवड्यानं या. सुलभाताईंनी त्या संध्याकाळपासून शहाळ्यांचा सपाटा लावला. शहाळी विकणारा डाबवाला दोन वेळा जिना चढून यायला लागला.

आठवडाभर केयूर रोज सकाळी ट्रकमध्ये पाणी घालत होता. कधी चार लिटर, कधी पाच. त्यानं पंप पुन्हा तपासला, पाइपांना दाब देऊन बघितला, रात्रभर खाली कागद पसरून ठेवला. एक थेंब नाही. त्याचं डोकं भणाणून गेलं. श्यामसुंदर इंजिनाविषयी चकार शब्द काढत नसे, पण केयूर डबा उचलून ट्रककडे निघाला की तो हमखास विचारायचा, "बौदि कैसी हैं?" वहिनी ठीक आहेत, असं केयूर सांगायचा.

पंचवीस तारखेला पाणी आठ निघालं. डॉक्टर या वेळी जरा कमी बोलल्या. बाहेर बाकावर बसून, म्हणजे बाकाशेजारी उभं राहून, केयूरनं मोबाइलमध्ये बघितलं. ट्रकचे आकडे तो तिथेच टिपायचा, नूपुरचेही तिथेच. दोन्ही एकाखाली एक आले तेव्हा त्याला हसू आलं. शिकलासवरलेला इंजिनियर तू, असं तो स्वतःलाच म्हणाला. पण हसू ओठांवर टिकलं नाही. सेतूवरून परत जाताना त्याच्या मनानं घेतलं की ट्रक पितोय. कुणाचं पितोय, हा पुढचा प्रश्न त्यानं मनातसुद्धा नीट उच्चारला नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यानं ट्रक रिकामा करायचं ठरवलं. जे पितंय त्याचं तोंडच बंद करायचं, असा सरळ हिशेब. त्यानं रेडिएटरखाली ड्रम ठेवला आणि नळ उघडला. श्यामसुंदर लांबून बघत होता.

घातलं होतं ते हिरवंगार कूलंट. बाहेर आलं ते पातळ, स्वच्छ, वाळल्या गवताच्या रंगाचं. हाताला किंचित बुळबुळीत. ऐंशी लिटरच्या आसपास आत गेलं होतं, बाहेर पस्तीससुद्धा आलं नाही. शेवटची धार बारीक झाली, तुटली, आणि त्याच वेळी इंजिनातून एक लहानसा आवाज आला. धातू थंड होताना येतो तसा. पिस्तुलावर आकडा उतरायला लागला होता. छत्तीस. पस्तीस.

फोन वाजला. सुलभाताईंचा होता.

"केयूरराव, लगेच निघा. नूपुरचं पोट दगडासारखं झालंय. आणि मघापासून बाळ हललेलं नाही."

तो गाडीत बसला, सेतूवर आला, आणि मधोमध त्याला काय केलं ते उमगलं. त्यानं श्यामसुंदरला फोन लावला. एवढंच म्हणाला, की तो ट्रक भरा. आत्ता, गळ्यापर्यंत. श्यामसुंदरनं का म्हणून विचारलं नाही.

नर्सिंग होममध्ये डॉक्टर पडद्यावर रोखून बघत होत्या. पाणी तीनवर आलं होतं. सलाइन लावा, दोन तासांनी परत बघू, नाहीतर आज रात्रीच निर्णय घ्यावा लागेल, असं त्या म्हणाल्या. एकतीस आठवड्यांचं बाळ आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. नूपुर छताकडे बघत होती. तिनं केयूरचा हात धरला नव्हता, दोन्ही हात पोटावर ठेवले होते.

पावणेदोनला श्यामसुंदरचा फोन आला. "डाल दिया, सार. पूरा."

किती गेलं, असं केयूरनं विचारलं.

"गिना नहीं. ये गिनने का चीज नहीं है."

दोनला बाळ हललं. तीन वाजता पाणी आठ होतं. काहींना सलाइन फार लवकर लागू पडतं, डॉक्टर म्हणाल्या. पण बोलताना त्या यंत्राकडे जरा वेळ बघत राहिल्या.

तेव्हापासून केयूरचं एकच काम उरलं. पहाटे एकदा आणि संध्याकाळी एकदा ट्रक भरायचा. मुख्य कार्यालयाला त्यानं कळवलं की एक सुटा भाग येणार आहे, तोवर गाडी उभी राहील. आयुष्यात पहिल्यांदा तो कामाबद्दल खोटं बोलला आणि त्याला लाज वाटली नाही. दुर्गापूजेत सगळं शहर नव्या कपड्यांत रस्त्यावर उतरलं होतं, आणि हा गर्दीतून वाट काढत पाण्याचे डबे वाहत होता. खंडेनवमीला बेहाल्याच्या घरात त्यानं आपले पाने पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं. हात जोडले तेव्हा काय मागावं तेही सुचेना. मग उठला आणि सेतू ओलांडून गेला. पाणी घालायला पाना लागत नाही.

सुलभाताईंना वाटत होतं जावयाच्या डोक्यावर परिणाम झालाय. नूपुरला काय वाटत होतं ते तिनं सांगितलं नाही. एकदा फक्त, तो निघताना, ती म्हणाली, "जाच तू. तू गेलास की बरं वाटतं मला. पंधरा-वीस मिनिटांत पोट हलकं होतं." त्यावर त्याला तिच्याकडे बघवेना.

एकोणतीस ऑक्टोबरला छत्तिसावा आठवडा पुरा झाला. त्या दिवशी दुपारी सोनोग्राफी होती, म्हणून केयूरनं सकाळीच ट्रक काठोकाठ भरला आणि रजा टाकली. श्यामसुंदर जगद्धात्री पूजेला चंदननगरला मुलीकडे गेला होता. दोघंही जागेवर नाहीत असा तो एकच दिवस. आणि त्याच दिवशी मुख्य कार्यालयातून कुणीतरी थेट अनीशला फोन करून सांगितलं, की महिनाभर गाडी कसली उभी करताय, चालत असेल तर काढा.

गाडी चालत होती. अनीशनं काढली.

साडेबाराला नूपुर पलंगावर पडली होती. डॉक्टर आभांनी पोटावर यंत्र फिरवायला सुरुवात केली. फिरवता फिरवता त्यांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा फिरवलं, दाबून.

"घरी पाणी गेल्यासारखं वाटलं का?" त्यांनी विचारलं.

नूपुर नाही म्हणाली. खालची चादर कोरडी होती.

केयूरच्या खिशात फोन थरथरला.

"सार, गाड़ी सेतु पर रुक गया. नीचे वाला पाइप निकल गया. सब पानी गिर गया."

"सब?"

"सब, सार. एक बूँद नहीं है."

पडद्याआड डॉक्टर बंगालीत भराभर बोलत होत्या. ऑपरेशनची खोली तयार करा. भूल देणाऱ्यांना बोलवा. ठोके कमी होताहेत.

केयूरनं पाइप बसवायला सांगितलं, क्लिप आवळायला सांगितली, आणि मिळेल ते पाणी ओतायला सांगितलं. अनीश म्हणाला, सेतूवर पाणी कुठून आणू. खाली अख्खी गंगा वाहत होती.

"अनीश, किसी से भी माँग. पाँव पड़."

गाड्यांचे भोंगे ऐकू आले. कुणीतरी शिवी दिली. मग अनीशचा आवाज, लांबून. मागे मासळीचा ट्रक अडकला होता. बर्फाचं पाणी होतं.

"बर्फ का है, सार. गरम इंजिन में डालूँ? फट जाएगा."

"गरम नहीं है," केयूर म्हणाला. "डाल."

नूपुरला आत नेलं. दार बंद झालं. केयूर बोळात उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो एका जागी उभा राहिला.

फोनवर पाणी ओतल्याचा आवाज येत होता. एक बादली. दुसरी. तिसरी.

एक वाजून दहा मिनिटांनी दाराआडून रडण्याचा आवाज आला.

मुलगी. दोन किलो चारशे ग्रॅम. सुलभाताई भिंतीला टेकून रडायला लागल्या, आणि केयूरनंही लाज न बाळगता रडून घेतलं. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मास्क काढला. दोघी उत्तम आहेत म्हणाल्या. यंत्रानं फसवलं आम्हाला, पाणी चांगलं भरपूर होतं. मग त्या हातमोजे उतरवताना थांबल्या आणि बोटं एकमेकांवर चोळत राहिल्या.

"फक्त इतकं गार कसं होतं, ते नाही कळलं मला."

संध्याकाळी अनीशनं कळवलं की गाडी चालू झाली, काटा ब्याऐंशीवर जाऊन थांबलाय आणि हलत नाही. दोन दिवसांनी श्यामसुंदर चंदननगरहून परतला, त्यानं इंजिनावर हात ठेवला आणि चटका बसून झटकन काढून घेतला. "अब गाड़ी है," तो म्हणाला. पाणी एक वाटीभरही कमी झालं नव्हतं. केयूरनं चार दिवस वाट बघितली, सगळं दहा वेळा तपासलं, आणि मग ट्रक सिलीगुडीच्या फेऱ्यांवर लावून दिला. तो फाटकाबाहेर गेला तेव्हा त्याला इतकं मोकळं वाटलं, की त्यानं ऑफिसात जाऊन खुर्चीवर बसून अख्खा चहा प्यायला.

बाराव्या दिवशी घरीच बारसं केलं. बेहाल्यातली आणि सॉल्ट लेकची मिळून पाच-सहा मराठी कुटुंबं आली. सुलभाताईंनी घुगऱ्या केल्या, बायकांनी आठवेल तसा पाळणा म्हटला. मुलीचं नाव शकुन ठेवलं. दुपारी पाहुणे गेल्यावर नूपुर तिला पाजायला आत घेऊन बसली. मुलगी जन्मल्यापासून भुकेली होती. अर्धा तास प्यायची, जरा दम घ्यायची, पुन्हा प्यायची. नूपुर थकून गेली होती, पण मुलगी पितेय यातच तिचं सगळं आलं होतं.

सुलभाताई दोरीवरची दुपटी काढून घड्या घालत होत्या. त्यांनी केयूरला गॅलरीत बोलावलं.

"नूपुरला सांगू नका एवढ्यात," त्या म्हणाल्या. "ही आज सकाळी बांधलेली. कालची ती. मी धुतलीच नाहीत यातली." त्यांनी घडी त्याच्या हातात दिली. दुपटं कडक, कोरडं होतं. "परवापासून एकही ओलं नाही. पोरगी दिवसभर पितेय. आणि मघाशी मी वजन केलं, तर जन्माच्या वेळेपेक्षा तीनशे ग्रॅम कमी."

डॉक्टरांना फोन लावतो, असं केयूर म्हणाला. त्यानं मोबाइल काढला. डॉक्टरांचाच नंबर लावायचा होता. पण बोटानं लावला तो अनीशचा.

अनीश सिलीगुडीजवळ एका ढाब्यावर जेवत होता, खुशीत होता. मुलीचं नाव काय ठेवलं ते त्यानं आधी विचारून घेतलं. गाडी कशी आहे, असं केयूरनं विचारलं.

"एकदम फर्स्ट क्लास, सार. पानी तो डालना ही नहीं पड़ता. उल्टा टंकी भर के ऊपर आता है."

"क्या आता है?"

"पता नहीं. सफेद-सफेद. मैं सोचा तेल मिल गया. उँगली डाल के देखा, तेल नहीं है. थोड़ा मीठा है."

आतल्या खोलीतून मुलीच्या पिण्याचा आवाज येत होता, एकसारखा, न थांबता.

"कब से, अनीश?"

"परसों से. आप फिकर मत करो, सार, मैं टंकी में रहने नहीं देता. रोज सुबह निकाल के बाहर डाल देता हूँ. ढाबे का कुत्ता पी जाता है."